माळ्यावरून उतरलेले शीड

मी एक शीड बोलतोय. तेही पुरते नव्हे. माझा मोठा भाग या घटकेला समुद्रावर आहे. तुमच्याशी बोलतो आहे तो माझा एक तुकडा, पिळून गोल केलेला, मनोरी गावातल्या एका घराच्या ओटीवर खुंटीला अडकवलेला. डोक्यावर मासळीची पाटी घेताना बायका खाली जी चुंबळ ठेवतात, ती म्हणजे आता मी. बाहेर खारा वारा वाढला आहे. माडांच्या झावळ्या एकाच बाजूला ओढल्या जात आहेत. घरची सून पार्वती अंगणात जाऊन खाडीकडे पाहून आली आणि आत गेली. अशा वेळी मला गप्प राहवत नाही. म्हणून माझा जन्म आणि माझी भीती, दोन्ही सांगून टाकतो.

साठ साल उजाडले त्या सुमारास माझा जन्म झाला. महादू हा या घरचा कर्ता पुरुष. त्याने शहरातून जाड सुती कापडाचे पट्टे आणले आणि होडी किनाऱ्यावर ओढलेली असताना, होडीतच बसून, ते एकमेकांना शिवले. घराला मोठे अंगण होते, अंगणात सावली होती. तरीही त्याने मला तिथे पसरले नाही. या घरात एक जुनी समजूत होती. शीड जमिनीवर उलगडायचे ते एकाच प्रसंगी, दर्यात गेलेल्या माणसाचा देह सापडला तर त्याला गुंडाळण्यासाठी. एरवी शिडाची घडी होडीवरच मोडायची. जमिनीवर उलगडलेले शीड माणूस मागते, असे महादूची बायको सोनूबाई म्हणे, आणि हे म्हणताना तिचा आवाज आपोआप खाली येई.

अशा समजुतींना हसणे सोपे असते. मी या समजुतीच्या पोटात वाढलो, त्यामुळे तिची दुसरी बाजू मला ठाऊक आहे. जमिनीवर पसरायचे नाही, म्हणून महादू मला दरवर्षी होडीतच, सूत कुजू नये यासाठी, ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवी आणि सुकायला थेट डोलकाठीवर चढवी. उन्हात मी पूर्ण उघडा होई. माझ्यातून प्रकाश कुठे जास्त झिरपतो ते महादू खाली बसून न्याहाळी. दातांत सुई धरलेली असे. जिथे सूत विरळ दिसे तिथे तो त्याच दिवशी ठिगळ लावी. म्हणजे ती समजूत मला जपत होती. तिच्यात भीती आणि काळजी यांची गाठ एकाच दोरीने मारलेली होती. पुढे गाठ सुटली. काळजी गळून पडली आणि भीती तेवढी घरात राहिली.

त्या काळात होडीचे वेळापत्रक वारा ठरवी. पहाटे जमिनीकडून दर्याकडे मतलई वारा सुटे, तो आम्हांला बाहेर नेई. दुपारनंतर दर्याकडून खारा वारा येई, तो घरी आणी. किनाऱ्यावर मासळीची वाटणी होई. खलाशांना वाटा, होडीला वाटा, जाळ्याला वाटा, आणि त्यातच थोडा माझा. माझ्या वाट्यातून साल आणि सूत येई. वाऱ्याने मात्र कधी वाटा मागितला नाही. ही गोष्ट तेव्हा इतकी साधी होती की ती कुणी बोलूनही दाखवत नसे.

अर्थात वाऱ्याचे जेवढे गुण, तेवढेच दोष. तो पडला की आम्ही भर दर्यात डुलत राहू, आणि बोंबील हा मासा तर कुणासाठी थांबत नाही. जाळ्यातून निघाला की घटकाभरात तो मऊ पडू लागतो. कित्येकदा सबंध पाटी विकण्याऐवजी वलांडीच्या आडव्या बांबूंवर सुकत घालावी लागे. म्हणून महादूच्या मुलाने, हरेश्वरने, होडीत डिझेलचे इंजिन बसवायचे ठरवले तेव्हा म्हातारा आडवा आला नाही.

"वाऱ्याची वाट बगून मी म्हातारा झालो," तो म्हणाला. "पोरानं कशाला व्हावाचं?"

इंजिन बसले. डोलकाठी उतरवून घरामागे पागोळीखाली ठेवली गेली. महादूने होडीत बसून माझी घडी घातली. तो माझ्यावरून हात फिरवत होता आणि प्रत्येक मोड तळव्याने दाबत होता. मग त्याने मला स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर ठेवले. त्याच पावसाळ्यात तापाने तो गेला.

दिवसकार्य झाल्यावर सोनूबाईने एक गोष्ट सांगितली आणि घराने ती ऐकली. "ही घडी त्यांच्या हातची हाय. ही कुनी मोडाची नाय."

तेव्हापासून माझी पूजा होऊ लागली. दर नारळी पुनवेला शिडी लावून कुणीतरी माळ्यावर चढे. मला हळदकुंकू लागे. माझ्यावर नारळाचे पाणी शिंपडले जाई आणि शेजारी तेलाचा दिवा ठेवला जाई. वरच्या मोडावर नेमके त्याच जागी दरवर्षी पाणी पडे, दिव्याचे तेल निथळे. ओल आतल्या मोडांपर्यंत उतरे आणि तिथेच राही. तेलाच्या वासाने उंदीर येत. मला कुणी उलगडले असते तर ऊन लागले असते. पण घडी मोडायची नव्हती. त्यातून चुकून मोडलीच, तर ती जमिनीवर मोडली जाणार होती. एका घरात माझ्याविषयी दोन आदर एकत्र आले आणि त्या दोहोंच्या मध्ये मी कुजत गेलो.

सुती कापडाचे मरण आवाज करीत नाही. सूत सुटत नाही, रंग उडत नाही. फक्त धाग्यातला जीव निघून जातो आणि धागा जागच्या जागी राहतो. बाहेरून मी महादूच्या वेळेइतकाच तपकिरी आणि जाड दिसत होतो. आत काय झाले आहे ते एकट्या मला माहीत होते, आणि मला तोंड नव्हते. पुन्हा कधी वाऱ्यासमोर उभे राहावे लागले तर काय होईल, या विचाराने मी माळ्यावर पडल्या पडल्या थरकत असे.

माळ्याखाली चूल होती, म्हणून घरातले सगळे बोलणे मला ऐकू येई. इंजिनाची पहिली वर्षे चांगली गेली. होडी अंधारातच निघे आणि उजाडताना परत येई. पार्वती ताजी पाटी घेऊन मार्व्याच्या तरीने खाडी ओलांडी आणि सकाळच्या स्वयंपाकाच्या आत विलेपार्ल्यात पोहोचे. तिथे तिची ठरलेली घरे होती. त्यांतली सुनंदा तिच्या विशेष लोभातली. नवरा कचेरीत, घर नीटनेटके, जीभ तिखट. पार्वती नक्कल उत्तम करी. संध्याकाळी भाकरी थापता थापता ती सुनंदावहिनींचा आवाज काढी आणि सोनूबाई हसता हसता ठसके देई.

वाटणीची रीत मात्र बदलली होती. आता आधी डिझेलचा खर्च बाजूला निघे, मग उरलेल्याचे वाटे पडत. हरेश्वरचा मामेभाऊ लहू होडीवर खलाशी होता. तो त्यावर म्हणे, "इंजिन म्हंजे घरचा जावई. त्याचं पान आधी वाढाचं, मग आपन उरलंसुरलं खावाचं." सगळे हसत. जावई अजून थोडेच खात होता.

त्र्याहत्तरची दिवाळी झाली आणि त्याची भूक वाढली. दूर कुठल्या तरी देशांत लढाई झाली होती आणि तेलाचा भाव चढला होता, एवढेच घरात कळले. मच्छीमार सोसायटीच्या पंपावर डिझेल मिळेल की नाही याची खात्री राहिली नाही. मिळाले तर कालच्या भावाने मिळेल याची तर मुळीच नाही. हरेश्वर पूर्वी घरी आला की जाळ्याविषयी बोले. आता तो घरात शिरताच म्हणे, "आज पंपावर रांग व्हती." त्या एका वाक्यावरून पार्वतीला उद्याच्या पाटीचा अंदाज येई.

बाजारातली तिची अडचण वेगळी होती. भाव वाढवला की गिऱ्हाईक दार लावते. म्हणून तिने भाव तोच ठेवला आणि बोंबलांचा वाटा लहान केला. एका ढिगातले दोन मासे मुकाट्याने पाटीत राहू लागले. ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, आणि ती ओळखणारी नजरही तितकीच जुनी आहे.

"मंग वयनी काय म्हनली सांगू?" पार्वतीने त्या संध्याकाळी नक्कल सुरू केली. मान किंचित वर, ओठ मिटलेले. "काय गं पार्वती, वाटा आजारी पडलाय का? किती वाळलाय बिचारा!"

"मंग?" सोनूबाईने विचारले.

"मी म्हनलं, वयनी, डिझेल वाढलं. तं बोलते, समुद्रातल्या माशाला डिझेल कशाला लागतं गं? तो काय टॅक्सी करून येतो?"

"आनि तू?"

"मी म्हनलं, तो नाय येत वयनी. माजा नवरा त्याला आनाला जातो."

सोनूबाई हसली. मीही हसलो असतो. पण पार्वतीची नक्कल तिथेच थांबली. पुढचे ती स्वतःच्या आवाजात बोलली. वहिनी चिडल्या नव्हत्या. दारात बसल्या आणि म्हणाल्या, रॉकेलच्या रांगेत माझी सकाळ गेली. दोन स्टोव्ह होते, त्यांतला एक पुसून कपाटात ठेवला. बोंबील तळायचे तर स्टोव्ह जास्त वेळ जळतो आणि गोडे तेलही लागते. आमटीभातावर भागवते आहे. उद्या नको येऊस. परवा ये.

"उद्या नको, बोलली," पार्वती पुन्हा म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटायला विसरली.

परतताना तिने मालाडच्या वाण्याकडून तांदूळ घेतला होता. तोही चढला होता. तिने हुज्जत घातली तेव्हा वाणी म्हणाला, ट्रकवाल्यांनी भाडे वाढवले, मी काय करू? तिला हसूच आले, कारण सकाळी पार्ल्यात हेच वाक्य तिने थोड्या फरकाने सुनंदाला ऐकवले होते. माळ्यावर मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. महागाईच्या काळात प्रत्येक जण आपल्या मागच्या माणसाकडे बोट दाखवतो. सुनंदा पार्वतीकडे, पार्वती हरेश्वरकडे, हरेश्वर पंपाकडे. वाण्याचे बोट ट्रककडे आणि ट्रकचे पुन्हा पंपाकडे. कुणीही खोटे बोलत नसते. पण ती रांग कुठे तरी संपायला हवी, आणि ती कुठे संपणार याची मला धास्ती वाटू लागली. पैसा लागत नाही अशी एकच गोष्ट त्या घराला माहीत होती. ती म्हणजे वारा. आणि वाऱ्याकडे जाणारी वाट माळ्यावरून जात होती.

ती संध्याकाळ आलीच. हरेश्वर आणि लहू चुलीपाशी जेवत होते. पंप सकाळपासून बंद होता.

"इंजिनाला आता ताडी पाजू काय?" लहू म्हणाला.

हरेश्वर हसला नाही. त्याने वर पाहिले. "पहाटचा मतलई हायच की. जाताना शिडावर जाऊ, येताना इंजिनावर येऊ. निम्मं डिझेल वाचंल."

"शिडावर?" पार्वती म्हणाली. "इतक्या सालाचं शीड? त्याला बगलंय कुनी?"

"बापाच्या हातचं हाय. त्याला काय होतंय?"

मी ओरडलो. माझे ओरडणे म्हणजे काय, तर माळ्यावरून थोडी माती गळली.

मला उतरवताना पार्वतीने खालून हात दिला. माझ्या पोटातून तपकिरी भुकटी तिच्या हातावर पडली. तिने ती बोटांनी चोळली आणि वास घेतला. "आई, ही माती नाय, सूत हाय. याला अंगनात उलगडून बगू. एकदा दोन्ही बाजूंनी वढून बगू."

सोनूबाई ताठ झाली. "अंगनात? तुजा नवरा उद्या दर्यावर चाललाय आनि तू शीड जमिनीवर उलगडतेस? काय मागून घेतेस, गो?"

पार्वतीने हरेश्वरकडे पाहिले. तो शिकलेला नव्हता, तसा भोळाही नव्हता. पण आईच्या तोंडून आलेली ती गोष्ट ओलांडून समुद्रावर जाण्याचे धैर्य त्याला नव्हते, आणि खरे सांगायचे तर अशा वेळी फारच थोड्या माणसांना ते असते. "होरीवर मोडू घडी," तो म्हणाला. "रीत हाय तशी."

पहाटे डोलकाठी पुन्हा उभी राहिली. लहूने मला वर ओढले. इतक्या वर्षांनी अंगात वारा भरला आणि क्षणभर मला माझे जुने शरीर आठवले. मतलई वारा सौम्य असतो, पाठीवर हात ठेवून चालवल्यासारखा. मी टिकलो. हरेश्वरने वर पाहून हात जोडले. तो मला नमस्कार करीत होता, आणि माझ्या सगळ्या आयुष्यात त्या नमस्काराइतकी भीती मला दुसऱ्या कशाची वाटली नाही. त्याने हात जोडण्याऐवजी ते मोडावरून फिरवले असते, तर बोट आरपार गेले असते.

मग काही दिवस तसेच गेले. रोज टिकलो म्हणून रोज विश्वास वाढला. विश्वास वाढला म्हणून डिझेल आणखी कमी घेतले जाऊ लागले. आधी जाताना शीड, मग परततानाही अर्ध्या वाटेवर शीड. माशांचा वाटा पुन्हा थोडा भरला. पार्वती घरात हसू लागली. मात्र होडी शिडाच्या वेळेने उशिरा येत असल्याने मासळी आता बर्फात ठेवून दुसऱ्या सकाळी न्यावी लागे. सुनंदावहिनी म्हणाल्याच, "आज वाटा बरा दिसतोय गं, पण बोंबील कालचे." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. घरात सगळे निवांत होत होते तसा माझा जीव आकसत होता. मोडाच्या रेषेवर एकेक धागा मूकपणे सुटत होता आणि मी उरलेले मोजायचे सोडून दिले होते.

तो दिवस उजाडला तेव्हा टाकीच्या तळाशी थोडेसे डिझेल होते. हरेश्वरने ते खाडीच्या तोंडासाठी राखून ठेवले होते. तिथे खडक आहेत आणि तिथे वाऱ्यावर विसंबता येत नाही. दुपारी जाळे ओढून झाले. मासळी भरपूर होती, होडी खोल बसली होती. खारा वारा उठला. नेहमीसारखा उठला आणि नेहमीसारखा थांबला नाही.

मी भरलो. भरत गेलो. महादूच्या तळव्याने दाबलेला प्रत्येक मोड मला वेगवेगळा जाणवू लागला. हरेश्वर सुकाणूवर होता, लहूच्या हातात माझी दोरी होती. लहू काहीतरी गुणगुणत होता. मग एक झोत आला आणि घडीत सर्वांत वर असलेल्या मोडावर, जिथे दर पुनवेला नारळाचे पाणी पडत असे नेमके तिथे, मी उभा चिरलो.

दोरी एकदम सैल झाली आणि लहू पाठीवर आदळला. होडी वाऱ्याला आडवी झाली. पहिली लाट काठावरून आत आली, मागोमाग दुसरी. माझा एक भाग डोलकाठीला गुंडाळला गेला, दुसरा पाण्यात पडून होडीला खाली ओढू लागला. ज्या माणसांना मी घरी न्यायचे त्यांनाच मी बुडवत होतो.

"मासळी फेक!" हरेश्वर ओरडला. "लहू, मासळी फेक!"

लहू दोन्ही हातांनी बोंबील पाण्यात लोटू लागला. हरेश्वरने इंजिनाचा हँडल फिरवला. एकदा, पुन्हा, पुन्हा. इंजिन खोकले आणि चालू झाले. होडीची नाळ, तिचे पुढचे टोक, वाऱ्याकडे वळली. खडकांसाठी राखलेले ते डिझेल आता खडकांच्या अलीकडेच जळत होते, आणि दोघेही इंजिनाचा आवाज ऐकत होते. खाडीच्या तोंडाशी आवाज बंद पडला. तेव्हा भरती चढत होती. तिने होडी उचलली, खडकाला घासत आत लोटली आणि चिखलात सोडली. यात कुणाचे कौशल्य नव्हते. भरती होती म्हणून वाचलो. ओहोटी असती तर हे सांगायला मी या खुंटीवर नसतो.

किनाऱ्यावर सोनूबाई आणि पार्वती उभ्या होत्या. हरेश्वर कमरेपर्यंत भिजलेला, चिखलातून चालत आला. लहूने मला खांद्यावर टाकून आणले आणि, भान नसल्यामुळे, वाळूवर टाकले. मी जमिनीवर पडलो, अर्धा उलगडलेला. आजूबाजूची माणसे दोन पावले मागे सरकली.

सोनूबाईने मुलाकडे पाहिले. तो उभा होता, थंडीने दात वाजवत होता, जिवंत होता. मग ती माझ्याशेजारी वाळूत बसली आणि ज्या हातांनी तिने मला इतकी वर्षे झाकून ठेवले त्याच हातांनी मला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उलगडले. मोडावर तिने बोट ठेवले. बोट आत गेले. दुसऱ्या मोडावर ठेवले, तिथेही गेले. कुंकवाचा जुना डाग तिच्या नखाला लागला.

"मानूस मागतं म्हनून उलगडलं नाय," ती हळू म्हणाली. "उलगडलं नाय, म्हनूनच मागत व्हतं."

मग तिने डोळे पुसले नाहीत, कपाळाला हात लावला नाही. ती सुनेला म्हणाली, "सुई आन गो, पार्वती. मोठी."

त्यांनी मला अंगणातच कापले. कुजलेले सगळे मोड काढून टाकले. जे निरोगी निघाले त्यातून एक लहान शीड शिवले, आणि फाटलेल्या कडेजवळची एक पट्टी उरली, तिची पार्वतीने चुंबळ केली. असा मी दोन ठिकाणी विभागला गेलो. एक मी होडीवर जातो, इंजिनाच्या जोडीने, त्याचा भार थोडा हलका करायला. दुसरा मी पार्वतीच्या डोक्यावर बसून पार्ल्याला जातो. डिझेल स्वस्त झालेले नाही. लहूचा जावई अजून पहिल्या पानावर बसतो.

घरात आता नवी रीत पडली आहे. रोज होडी आली की सोनूबाई अंगण झाडते. दोघी मला जमिनीवर पसरतात, दोन टोके धरतात आणि ओढतात. सासू एका बाजूला, सून दुसऱ्या बाजूला. हळद नाही, कुंकू नाही. शिवणीवरून बोटे फिरतात. तेवढा वेळ मला निर्भय वाटते. चुंबळही त्या वेळी शेजारी पडलेली असते, आणि माझे दोन्ही भाग एकमेकांना लागतात.

आज पहाटे होडी गेली. सकाळी आम्ही पार्ल्यात होतो. सुनंदावहिनी दारात वाकून बोंबील निवडत होत्या आणि पार्वती वर पाहत होती. समोरच्या गच्चीवरची धुणी सकाळच्या मानाने फार जोरात फडफडत होती.

"वर काय बघतेस गं? भाव आता आभाळात लिहितात का?"

"वारा बगते, वयनी."

सुनंदाचा हात थांबला. "तो... गेलाय का आज?"

"गेलाय."

ती आणखी एक मासा मागणार होती, तो तिने मागितला नाही. वाटा ताटात घेतला, पैसे दिले आणि दार लावता लावता पुन्हा उघडले. "उद्या ये हं, पार्वती. उद्याच ये."

पार्वतीने मान हलवली. उरलेली पाटी तिने कोपऱ्यावरच्या दुसऱ्या कोळिणीला देऊन टाकली आणि आम्ही लवकर परतलो.

आता उजेड मावळतो आहे. तुम्हां वाचणाऱ्यांना माझे एवढेच मागणे आहे. ज्याच्या आधाराने तुमचे घर उभे आहे अशी एखादी वस्तू, एखादी रीत, एखादे माणूस तुम्ही माळ्यावर ठेवले असेल, तर त्याला हात जोडा, जरूर जोडा. पण त्याआधी उजेडात आणून एकदा उलगडा. दोन्ही टोके धरून ओढून पाहा. महाग दिवसांत आपण सगळेच जुन्याकडे वळतो. ते आपल्याला धरील की नाही हे वाऱ्यात कळू नये, अंगणात कळावे.

वारा अजून पडलेला नाही. खाडीच्या तोंडाकडून इंजिनाचा आवाज येत नाही. पार्वती पुन्हा एकदा बाहेर जाऊन आली. रोजच्या वेळेला सोनूबाई उठली, तिने खराटा घेतला आणि अंगण झाडले. एकही पान शिल्लक ठेवले नाही. मग खराटा भिंतीला टेकवून ती पायरीवर बसली. अंगण स्वच्छ आहे, मोकळे आहे, शीड उलगडायला तयार आहे.